छोट्या गाडीला रन-फ्लॅट टायर घ्यायचे की साधे? आधी डिकी उघडा, मग दुकानात जा

टायर बदलायची वेळ आली की आपल्याकडे लोक सरळ दुकानात जातात, दुकानदार दाखवेल त्यातलं एक घेतात आणि रन-फ्लॅटबद्दलचे प्रश्न घरी आल्यावर सुचतात. म्हापशातला माझा एक मित्र साध्या हॅचबॅकला रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही थोडं अंतर चालणारे टायर, बसवायला निघाला होता, बयाणा देऊन झाला आणि मग कळलं की गाडीत हवा कमी झाल्याचं सांगणारा सेन्सरच नाही. आतेभावाने बरोबर उलटं केलं, गाडीसोबत आलेले रन-फ्लॅट काढून मऊ चालावी म्हणून साधे टाकले, पण त्या गाडीत स्टेपनीला जागाच नाही हे लक्षात आलं ते काणकोणला जाताना हवा गेली तेव्हा. टायर दोघांनीही चांगल्या कंपनीचेच निवडले होते, चुकला तो क्रम. म्हणून खाली क्रमानेच लिहिलंय, पुढची पायरी आधी करू नका.

एक गोष्ट आधी स्पष्ट करून घेऊ. साधा ट्यूबलेस टायर हवेवर उभा असतो, हवा गेली की गाडीचं वजन टायरच्या कडेवर, म्हणजे साइडवॉलवर येतं, ती दुमडते आणि रिम आणि रस्ता यांच्यात चिरडली जाते. रन-फ्लॅटची साइडवॉल आतून जाड कडक रबराने भरलेली असते, त्यामुळे हवा गेली तरी ती काही काळ वजन पेलते. बहुतेक कंपन्या सांगतात ती मर्यादा म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या आत आणि साधारण ८० किलोमीटर अंतरापर्यंत, गाडी भरलेली असेल तर त्याहून कमी धरा. पंक्चर दोन्हींना होतं. 'ट्यूबलेस म्हणजेच रन-फ्लॅट' असं समजणारे अजून रोज भेटतात, तसं नाहीये.

## पायरी १: डिकी पूर्ण रिकामी करा आणि खालची मॅट उचला

हे काम अंगणात, दिवसाउजेडी करा. मॅटखाली काय आहे त्यावर अर्धा निर्णय तिथेच होतो. चारपैकी एक काहीतरी दिसेल: बाकीच्या चाकांच्याच मापाची पूर्ण स्टेपनी, जरा बारकी स्टेपनी, कॉम्प्रेसर आणि चिकट द्रवाची बाटली असलेलं पंक्चर किट, किंवा यातलं काहीच नाही. २०२० साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियम बदलले, साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, हवेचा सेन्सर आणि पंक्चर किट असेल तर स्टेपनी सक्तीची राहिली नाही. त्यामुळे नवी गाडी असेल तर स्टेपनी आहेच असं धरून चालू नका, काही सीएनजी आणि इलेक्ट्रिक गाड्यांत तर ती जागाच दुसऱ्या कामाला गेलेली असते.

स्टेपनी असेल तर हाताने दाबून बघू नका, हवा मोजायचा गेज लावा. हे मी इतकं जोर देऊन का सांगतोय तर दोन वर्षांपूर्वी श्रावणात बेळगावहून परत येताना चोर्ला घाटात रात्री साडेनऊला माझा मागचा उजवा टायर बसला, पाऊस धो धो, मोबाईलला रेंज नाही, सोबत सासूबाई आणि लहान मुलगी. स्टेपनी काढून लावली, जॅक खाली घेतला आणि गाडीबरोबर स्टेपनीही बसली. तिच्यात हवाच नव्हती, गाडी घेतल्यापासून चार वर्षं मी एकदाही बघितली नव्हती. पाठीमागून येणाऱ्या भाजीच्या टेम्पोवाल्या दादाने थांबून पायाने मारायचा पंप दिला, "स्टेपनीतली हवा बघत न्हाईसा काय?" एवढंच विचारलं, आणि मी हवा भरत असताना पूर्ण वेळ टेम्पोचे दिवे माझ्या चाकावर धरून उभा राहिला. त्या रात्रीनंतर घरी आल्यावर मी पहिल्यांदा रन-फ्लॅटचाच विचार केला होता. पण नीट बघितल्यावर कळलं की माझा प्रश्न टायर कुठल्या प्रकारचा हा नव्हता, न बघितलेली स्टेपनी हा होता.

डिकीत अजून हे बघा: जॅक, त्याचा दांडा, नट खोलायचा पाना, आणि अलॉय रिमला लॉक नट असेल तर त्याची वेगळी चावी. ही चावी बऱ्याचदा सर्व्हिसिंगच्या वेळी काढलेली असते आणि परत ठेवायची राहून जाते. स्टेपनीच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचलंय का तेही बघा, आपल्याकडच्या दमट हवेत जॅकचा स्क्रू एका पावसाळ्यात गंजून जाम होतो.

तपासा: एक चाक प्रत्यक्ष खोलून परत लावून बघा. घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने. गाडीतल्या पान्याने नट हलतच नसेल किंवा चाक उचलून लावायची ताकद किंवा तब्येत नसेल तर हे पायरी ४ ला लक्षात घ्यायचंय, लिहून ठेवा.

## पायरी २: आता गाडीला काय आहे ते टायरवरूनच वाचा

विकणाऱ्याने काय सांगितलं होतं ते सोडा, विशेषतः गाडी सेकंड हँड घेतली असेल तर. टायरच्या कडेवर इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. आरएफटी असेल तर ब्रिजस्टोनचा रन-फ्लॅट, झेडपी मिशेलिनचा, एसएसआर कॉन्टिनेंटलचा, आरओएफ गुडइयरचा. यातलं काही नसेल तर साधा टायर आहे असं समजून टायरवाल्याकडून खात्री करून घ्या. चारही टायर बघायचे, एक बघून थांबायचं नाही, कारण आधीच्या मालकाने दोन बदलून दोन तसेच ठेवलेत अशा गाड्या मी बघितल्यात.

मग माप. उदाहरणार्थ १८५/६५ आर१५ ८८एच. १८५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के, १५ म्हणजे रिम इंचात. ८८ हा वजनाचा आकडा, एक टायर ५६० किलो पेलतो, आणि एच म्हणजे ताशी २१० पर्यंतचा वेग. साइडवॉलची उंची स्वतः काढून बघा, १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२० मिलिमीटर, आणि १९५/५५ आर१६ ची येते १०७. खड्ड्याचा मार झेलायला तुमच्या रिमखाली तेवढीच उशी आहे, हा आकडा पुढे कामाला येणार आहे.

इथेच बऱ्याच जणांचा निर्णय होऊन जातो. रन-फ्लॅट बनतात ते मुख्यतः १६, १७ इंच आणि वरच्या मापांत. आपल्याकडच्या १२, १३, १४ इंची चाकांच्या छोट्या गाड्यांना त्या मापात रन-फ्लॅट मिळणं जवळपास अशक्य आहे. छोट्या गाड्यांत मिनीसारख्या काही गाड्या कारखान्यातूनच रन-फ्लॅटवर आलेल्या असतात. स्विफ्ट, टियागो, वॅगन आर, आय१० या साध्या टायरसाठी बनवलेल्या आहेत.

सावध: माप जुळलं म्हणजे टायर चालला असं नाही. बलेनोच्या वरच्या मॉडेलचं माप १९५/५५ आर१६ आहे आणि मिनीसाठी बनवलेले याच मापाचे रन-फ्लॅट जगात आहेत, पण तेवढ्यावरून ते बलेनोला लावायचे नसतात. रन-फ्लॅट हा नुसता टायर नसून टायर, रिम आणि सेन्सर अशी तीन वस्तूंची जोडी आहे. रन-फ्लॅटसाठीच्या रिमला आतून जास्तीचा उंचवटा असतो, हवा गेल्यावर टायरची कड जागेवरून सुटू नये म्हणून. साध्या रिमवर ती खात्री नाही.

## पायरी ३: महिनाभराचा रस्ता कागदावर मांडा

ही पायरी लोक हमखास गाळतात, कारण इथे विकत घ्यायचं काहीच नसतं. वहीच्या एका पानावर लिहा: रोज कुठून कुठे, रात्री उशिरा किती वेळा, राज्याबाहेर किती वेळा, आणि रेंज नसलेला रस्ता कुठला.

गोव्यापुरतं बघितलं तर पत्रादेवीपासून पोळेपर्यंत अख्खं राज्य शंभरेक किलोमीटर लांब. रन-फ्लॅटची ८० किलोमीटरची सवलत म्हणजे हवा गेल्यावर जवळपास कुठूनही घरी पोचाल एवढी. ऐकायला छान वाटतं, पण म्हापसा-पणजी-मडगाव किंवा फोंड्याच्या पट्ट्यात दिवसा चार-पाच किलोमीटरवर कोणीतरी पंक्चर काढणारा असतोच, त्या ८० किलोमीटरचं करायचं काय? उलट साखळी-केरीवरून चोर्ला, मोलेवरून अनमोड, सत्तरी-सांग्यातले आतले रस्ते, काणकोणला जातानाचा करमळ घाट, इथे रात्री तीच सवलत खरी उपयोगी.

आता दुसरी बाजू. पावसाळ्यात आपल्या रस्त्यांवरचा खड्डा पाण्याखाली असतो, दिसत नाही, आणि त्याची डांबराची कड धारदार असते. गावातल्या अरुंद रस्त्यावर समोरून बस आली की आपण डावीकडे घेतो, तिथे चिऱ्यांचा गडगा आणि गटाराची कोपरी, साइडवॉल घासली जाते ती तिथेच. रन-फ्लॅटची कडक साइडवॉल धक्का गिळत नाही, रिमकडे आणि पुढे सस्पेन्शनकडे पाठवते, त्यामुळे मोठ्या खड्ड्यात अलॉय वाकण्याचा किंवा तडकण्याचा धोका वाढतो, आणि रोजच्या खडबडीत रस्त्यावर गाडी कडक वाटते, पाठीचा त्रास असलेल्या माणसाला तर पहिल्याच आठवड्यात कळतं. रन-फ्लॅट वजनानेही जास्त असतो. साइडवॉलला मोठा काप गेला तर तो रन-फ्लॅट असला तरी सुरक्षित धरता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

तपासा: कागदावर 'रात्री, रेंज नाही, आजूबाजूला दुकान नाही' अशा फेऱ्या महिन्याला किती आल्या? एक किंवा शून्य आली तर रन-फ्लॅटचा मुख्य फायदा तुम्हाला वापरायला मिळणारच नाही.

## पायरी ४: आता ठरवा

गाडी साध्या टायरवर आली असेल तर माझं मत सरळ आहे: साधेच ठेवा. कोणी कितीही सांगितलं तरी. चांगले ट्यूबलेस टायर, हवा भरलेली स्टेपनी आणि गाडीच्या १२ व्होल्ट सॉकेटवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर, एवढ्यात गोव्यातलं जवळपास सगळं भागतं. मी स्वतः तेच केलंय, चोर्ल्याच्या त्या रात्रीनंतरसुद्धा.

गाडी रन-फ्लॅटवर आली असेल तर दोन रस्ते आहेत. तुम्ही एकटे रात्री प्रवास करता, किंवा चाक बदलणं शरीराने जमत नाही (पायरी १ ची नोंद इथे बघा), किंवा गाडीत स्टेपनी ठेवायला जागाच नाही, तर रन-फ्लॅटच परत घ्या, कडकपणा सोसा. माझी एक मावसबहीण मोपाला एअरपोर्टवर रात्रपाळी करते, पहाटे तीनला एकटी घरी येते. तिला मी साधे टायर घे असं कधीच सांगणार नाही, तिला रस्त्याकडेला उतरावंच लागू नये हे महत्त्वाचं.

रस्ते खराब, पाठीचा त्रास, आणि रन-फ्लॅटचा भाव झेपत नाही, तर साधे टाकता येतात, रन-फ्लॅटच्या रिमवर साधा ट्यूबलेस बसतो. पण मग त्याच दिवशी, त्याच बिलात स्टेपनी किंवा पंक्चर किट आलंच पाहिजे, 'पुढच्या महिन्यात घेऊ' असं नाही. आणि वजनाचा आणि वेगाचा आकडा आधीच्या टायरइतका किंवा वरचा हवा, कमी नको. कंपनीच्या पुस्तिकेत साधे टायर चालतात का तेही बघून घ्या, वॉरंटीतली गाडी असेल तर सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या.

सावध: दोन रन-फ्लॅट आणि दोन साधे असं मिश्रण करू नका. दोन्हींची साइडवॉल वेगळी वागते, वळणावर आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना गाडी पुढून एक आणि मागून एक वागते. बजेट नाही म्हणून मिश्रण करण्यापेक्षा चारही साधे टाकलेले परवडले.

पंक्चर झाल्यावर आपोआप बुजणारे, आतून चिकट थर दिलेले टायरही असतात, त्यांना सेल्फ-सीलिंग म्हणतात. ते खिळ्याचं भोक बुजवतात, पण हवा पूर्ण गेली तर साध्या टायरसारखेच बसतात. हे नाव रन-फ्लॅट म्हणून गळ्यात मारलं जातंय का तेवढं बघा.

## पायरी ५: सेन्सर आधी, टायर नंतर

रन-फ्लॅटमध्ये हवा गेलेली बसल्या जागी कळत नाही, टायर दिसायला नीट उभाच असतो, स्टीअरिंगलाही फार फरक जाणवत नाही. तीच त्याची खुबी आणि तोच धोका, कारण ८० किलोमीटर कधी सुरू झाले हे माहीतच नसेल तर मोजणार कुठून? बिनहवेचा रन-फ्लॅट जितका चालतो तितकी साइडवॉल आतून तापत जाते आणि शेवटी एकदम फुटते. म्हणून सेन्सरशिवाय रन-फ्लॅट नाही म्हणजे नाहीच.

साध्या टायरलाही सेन्सर लावलेला फारच चांगला, माझ्या मते रन-फ्लॅटवर खर्चायच्या पैशांतला थोडा भाग इथे घाला. बाहेरून व्हॉल्ववर टोपीसारखे बसणारे स्वस्त पडतात आणि घरी लावता येतात, पण कळंगुट, कोलवा, वास्को असं समुद्राजवळ राहत असाल तर खाऱ्या हवेने ती धातूची टोपी व्हॉल्वच्या आट्यांना चिकटून बसते, मग जोर लावून काढताना व्हॉल्वच तुटतो. दर महिन्याला एकदा काढून पुसून लावत असाल तरच ते घ्या. नाहीतर रिमच्या आत बसणारे घ्या, टायर बदलतानाच बसवून घेतले की वेगळी मजुरी पडत नाही.

काही गाड्यांत आत सेन्सर नसतो, चाकांच्या फिरण्याच्या वेगावरून गाडी अंदाज काढते. ती यंत्रणा टायर बदलल्यावर आणि हवा भरल्यावर रीसेट करावी लागते. रीसेट न करता दिवा लागला म्हणून दुर्लक्ष करणारे खूप आहेत.

## पायरी ६: दुकानात, पण पैसे द्यायच्या आधी

छोट्या गाडीचे साधे टायर कुठेही मिळतात, रन-फ्लॅट मात्र बहुतेक वेळा मागवावे लागतात. जून २०२० मध्ये सरकारने टायरच्या आयातीवर निर्बंध आणले, बाहेरून येणाऱ्या वेगळ्या मापांची अडचण तेव्हापासून जास्त जाणवते. म्हणून टायर टक्कल पडेपर्यंत थांबू नका. ओळखीतल्या एकाची गाडी एका टायरसाठी अकरा दिवस दुकानात उभी होती, ऐन चवथीत.

विचारायचं काय:

चारही टायरचा भाव, फिटिंग, बॅलन्सिंग, अलाइनमेंट आणि नवे व्हॉल्व धरून एकच आकडा लेखी मागा. रन-फ्लॅटचा भाव साध्याच्या दुप्पट-तिप्पट सहज जातो, आणि एक टायर गेला की पुढच्या वेळीही तोच भाव असतो, तो विचार आत्ताच करा.

टायर बनल्याची तारीख स्वतः वाचा. डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, म्हणजे २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. मी वर्षापेक्षा जुना टायर नव्या भावात घेत नाही.

रन-फ्लॅट बसवायचं मशीन आहे का ते विचारा आणि बघा. कडक साइडवॉल रिमवरून उतरवायला जास्तीचा मदतीचा हात असलेलं मशीन लागतं. साध्या मशीनवर पहारीने ढकलून बसवला तर टायरची कड फाटते किंवा रिमला खाच पडते, आणि हे पुढे हवा हळूहळू गळायला लागल्यावर कळतं.

विमा: नेहमीच्या पॉलिसीत नुसता टायर फुटला तर भरपाई मिळत नाही, गाडीलाही त्याच अपघातात नुकसान झालं असेल तर टायरच्या किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत मिळते. महाग रन-फ्लॅट घेणार असाल तर टायरसाठीचं वेगळं कव्हर किती पडतं ते विचारून ठेवा.

## पायरी ७: फिटिंग चालू असताना तिथेच उभे राहा

चहाला जाऊ नका, अर्धा-पाऊण तासच लागतो. जुना टायर रिमवरून उतरला की त्याच्या आत हात फिरवा. काळी भुकटी किंवा रबराचे बारीक दाणे हाताला लागले आणि आतल्या बाजूने साइडवॉलवर गोल पट्टा घासलेला दिसला तर तो टायर कमी हवेवर चाललाय, बाहेरून कितीही चांगला दिसो, स्टेपनी म्हणूनही ठेवू नका. मी माझा चोर्ल्याचा टायर असाच बघितला होता, बाहेरून नक्षी जवळपास नवी आणि आत मूठभर काळी पूड, आणि तो बिनहवेचा जेमतेम दीड किलोमीटर चालला असेल.

रिमची कड जिथे टायर बसतो तिथे अलॉयला पांढरी पूड धरलेली असते, ती ब्रशने साफ करायला सांगा, तिथूनच हवा झिरपते. व्हॉल्व नवे. बॅलन्सिंग चारही चाकांचं.

नट शेवटचे हाताच्या टॉर्क पान्याने (नट ठरलेल्या जोराइतकेच आवळणाऱ्या) घट्ट करायला सांगा, एकाआड एक अशा क्रमाने. हवेच्या गनने मारलेले नट इतके आवळलेले असतात की रस्त्यात गाडीतल्या पान्याने ते सुटत नाहीत, अंगाचं वजन देऊन उभं राहिलं तरी. पुस्तिकेतला आकडा द्या, आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर परत एकदा तपासा. नटच्या आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू देऊ नका, त्याच आकड्याला ते जास्त ताणले जातात.

तपासा: दुकानातून निघताना हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरच्या आकड्याइतकी आहे का? छोट्या गाड्यांना बहुतेक ३० ते ३५ पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) दरम्यान असते. दुकानदार 'सगळ्यांना एवढीच भरतो' म्हणाला तरी स्टिकरचंच ऐका.

## पायरी ८: हवा गेली, आता पहिली दहा मिनिटं

साधा टायर असेल तर: जोरात ब्रेक नको, वेग हळूहळू कमी करा आणि सपाट, दिसणाऱ्या जागी घ्या. वळणावर थांबू नका, पण 'पुढचं गाव एकच किलोमीटर' म्हणून चालवतही राहू नका, टायर मरतो तो त्याच एका किलोमीटरमध्ये. हँडब्रेक, पहिला गिअर, चारही इंडिकेटर, धोक्याचा त्रिकोण मागे लांब, सगळ्यांना खाली उतरवून रस्त्याच्या कडेला उभं करा. बसलेल्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला दगडाची अडण लावा. नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे, मग जॅक. लाल माती भिजलेली असेल तर जॅक रुततो, म्हणून डिकीत फूटभर लाकडी फळी ठेवा. चिऱ्याचा तुकडा अडण म्हणून चालेल, जॅकखाली अजिबात नको, चिरा दाबाखाली फुटतो. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा, जॅक घसरलाच तर गाडी त्यावर थांबते. बारकी स्टेपनी असेल तर तिच्यावर लिहिलेल्या वेगाच्या आत चालवा.

रन-फ्लॅट असेल तर: दिवा लागला त्या क्षणी ट्रिप मीटर शून्यावर आणा. वेग ८० च्या आत म्हणजे मी तरी ५०-६० वरच ठेवेन, खड्डा आला तर जवळपास थांबूनच उतरवा. जवळच्या दुकानापर्यंतच, घरी नाही. आणि दुकानात गेल्यावर पट्टी मारून परत वापरायचा आग्रह धरू नका. बिनहवेचा चाललेला रन-फ्लॅट बहुतेक कंपन्या दुरुस्त करू नका असंच सांगतात, कारण कड आतून किती शिजलीय ते बाहेरून दिसत नाही.

किट असेल तर: ते फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागातल्या छोट्या भोकासाठी, साधारण ६ मिलिमीटरपर्यंतच्या. साइडवॉलच्या कापाला त्याचा उपयोग नाही. द्रव भरून हवा भरा, काही किलोमीटर हळू चालवा आणि परत प्रेशर बघा, उतरलं असेल तर पुढे जाऊ नका. टायरवाल्याला आत द्रव आहे हे सांगा, सेन्सर साफ करावा लागतो.

रस्त्याकडेला बाहेरून खोचतात ती रबराची पट्टी तात्पुरती समजा. लांब जायचं असेल तर टायर उतरवून आतून मशरूम प्लग (भोकात बसणारी अळंबीच्या आकाराची रबरी खुंटी) मारून घ्या, तेव्हाच आतली पूडही बघता येते. अडकलात आणि धोका वाटतोय तर ११२.

## पायरी ९: महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना

सकाळी गाडी हलवायच्या आधी पाचही टायर. चार नाही, पाच. टायरमधली हवा आपोआपच महिन्याला एक-दोन पीएसआय उतरते, म्हणून न बघितलेली स्टेपनी वर्षभरात कामाची राहत नाही. मी स्टेपनीत स्टिकरपेक्षा तीन-चार पीएसआय जास्त ठेवतो, लावल्यावर उतरवता येते, भरणं अवघड असतं. बारकी स्टेपनी असेल तर मात्र तिच्यावर लिहिलेलाच आकडा.

मे संपायच्या आत नक्षीची खोली बघा. खाचांमध्ये रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात, त्यांच्या बरोबरीला टायर आला की १.६ मिलिमीटर उरलेत, कायद्याची मर्यादा तीच. पण आपल्या पावसात साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगू नये म्हणून मी ३ मिलिमीटरलाच बदलतो. साइडवॉलवर लिंबाएवढाही फुगा आला तर तो टायर त्याच दिवशी काढा, आतले धागे तुटलेले असतात, रन-फ्लॅट असला तरी.

किटच्या बाटलीवर मुदत छापलेली असते, ती वाचा. आणि स्टेपनी परत ठेवताना बसत असेल तर व्हॉल्व वरच्या बाजूला येईल अशी ठेवा, म्हणजे मॅट उचलली की सरळ गेज लावता येतो. खाली तोंड करून ठेवली की दरवेळी ती बाहेर काढावी लागते आणि दोन महिन्यांत बघणंच बंद होतं.